पानावरची बुरशी आणि पानाच्या आतली बुरशी: कोकणातील औषधी वनस्पतींवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

श्रावणात रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीत गडग्याला लागून वाढलेल्या अडुळशाचे पान तोडून उजेडाकडे धरले, तर बहुधा ते हिरवेगार आणि निकोप दिसते. तरीही त्या पानाच्या पृष्ठभागावर बुरशीचे बीजाणू आणि यीस्टच्या पेशी पसरलेल्या असतात, आणि पानाच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत, बऱ्याचदा वेगळ्याच बुरश्यांचे तंतू कोणताही रोग न दाखवता राहत असतात. या दोन वस्त्या शेजारी असल्या तरी एक नव्हेत. ‘पानातून अमुक बुरशी मिळाली’ असे लिहिणे सोपे आहे. ती पानाच्या आतूनच मिळाली हे दाखवणे मात्र कष्टाचे आहे, आणि नवागताने पहिल्या दिवसापासून आपले सारे लक्ष याच एका गोष्टीवर ठेवावे असे मला वाटते.

पानाच्या आत राहणाऱ्या बुरशीला एंडोफाइट म्हणतात. आपण तिला अंतर्वासी बुरशी म्हणू. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८६६ मध्ये वापरला. काही गवतांमध्ये अशी बुरशी बियांतून पुढच्या पिढीत जाते, परंतु झाडाझुडपांच्या पानांत ती बहुतांशी बाहेरून येते: वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी बीजाणू पानावर पडतात, ओलावा मिळताच रुजतात आणि पर्णरंध्रातून किंवा थेट त्वचा भेदून आत शिरतात. म्हणूनच कोवळी पालवी आतून जवळजवळ स्वच्छ असते आणि पान जून होत जाते तशी आतली वस्ती वाढते.

‘रोग न दाखवता’ याचा अर्थ ‘कायम निरुपद्रवी’ असा नाही. आंब्याच्या बागायतदारांना याचे उदाहरण वेगळे सांगायला नको. कोलेटोट्रायकम ही बुरशी फळ हिरवे असतानाच सालीत शिरून स्वस्थ बसते, आणि हापूस अढीत पिकू लागला की काळे डाग होऊन प्रकट होते. याच प्रजातीसमूहातील बुरश्या कितीतरी औषधी वनस्पतींच्या निकोप पानांतही सापडतात. झाड ताणाखाली आले किंवा पान म्हातारे झाले की यांपैकी काही करपा आणतात, तर काही गळलेले पान कुजवण्याचे काम सर्वांत आधी सुरू करतात.

औषधी वनस्पतींकडेच लक्ष का, याचे उत्तर देताना नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांची आठवण येते. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत कॅम्प्टोथेसिन (१९६६) आणि टॅक्सॉल (१९७१) या कर्करोगावरील दोन द्रव्यांची रचना जगापुढे मांडली. १९९३ मध्ये टॅक्सॉल देणाऱ्या यू वृक्षाच्या सालीत राहणारी एक बुरशी तेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात तयार करते असे प्रसिद्ध झाले, आणि २००५ मध्ये आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडाच्या आतल्या सालीतील बुरशीबद्दल कॅम्प्टोथेसिनचा तसाच निष्कर्ष आला. नरक्याची लाकडासाठी अतोनात तोड झालेली आहे. बुरशीकडून ते द्रव्य मिळाले तर झाड वाचेल, ही आशा साहजिक होती. मात्र हे दोन्ही नमुने सालीतले होते, पानातले नव्हते; मिळालेले प्रमाण फार थोडे होते; आणि प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवताना अशा बुरशीची द्रव्य तयार करण्याची क्षमता घटत जाते, असा अनुभव अनेकांना आला आहे. नवागताने औषध शोधण्याच्या घाईने या कामात उतरू नये. कोणत्या झाडाच्या कोणत्या पानात, कोणत्या ऋतूत, कोण राहते याची विश्वासार्ह नोंद हेच कोकणासाठी मोठे आणि अजून पुष्कळ बाकी असलेले काम आहे.

आधी डोळ्यांनी पाहावे

पहिले दोन आठवडे काहीही न वाढवता फक्त एक भिंग घेऊन पाने पाहावीत. पानावर काळे दिसले की ‘बुरशी’ एवढेच म्हणून थांबण्याची सवय आपल्याला असते, पण काळ्याचेही प्रकार आहेत. तुडतुडे, मावा किंवा खवले कीड चिकट गोड स्राव टाकते आणि त्यावर काजळीसारखा थर चढतो. आंब्यावर याला आपल्याकडे ‘खार पडणे’ म्हणतात. ही बुरशी त्या गोडावर जगते, पानात शिरत नाही, आणि ओल्या बोटाने चोळली किंवा वाळल्यावर खरवडली तर पापुद्र्यासारखी सुटते. मेलिओला वर्गातील काळी बुरशी मात्र गोल, मखमली ठिपक्यांसारखी असते आणि चोळून जात नाही, कारण तिने पानाच्या पेशींत अन्न शोषणारी इंद्रिये रुतवलेली असतात. ती जिवंत पानाखेरीज कशावरच वाढत नाही, त्यामुळे पेट्री डिशमध्ये तिची वाट पाहणे व्यर्थ आहे. तिचा अभ्यास पानावरच, सूक्ष्मदर्शकाखाली करावा लागतो.

पांढरी पिठासारखी भुरी आणि पानाच्या खालच्या बाजूस गंजाच्या कणांसारखा दिसणारा तांबेरा लवकर ओळखू येतात. फसवणूक होते ती नारिंगी, किंचित केसाळ, गोल ठिपक्यांनी. पावसाळ्यात बागेतल्या जाड पानांवर ते सर्रास दिसतात आणि बहुतेक जण त्यांना तांबेरा समजतात, परंतु ती सेफॅल्युरॉस नावाची शैवाल आहे, बुरशी नव्हे. तसेच जुन्या पानांवरचे फिकट राखाडी-हिरवे चट्टे पुष्कळदा दगडफुलाच्या जातीचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र वस्तीचे असतात.

झाड आणि पान निवडणे

सुरुवातीला एकच झाड घ्यावे, आणि ते परसदारातले असावे. अडुळसा उत्तम: गुरे त्याला तोंड लावत नसल्याने तो कुंपणाला सर्वत्र असतो, पाने मोठी असतात आणि वर्षभर मिळतात. निर्गुडी दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी, कारण तिच्या पानाच्या खालच्या बाजूस बारीक दाट लव असते आणि ती स्वच्छ करणे कठीण जाते. किनाऱ्यावरची उंडी हा तिसरा, फार वेगळा नमुना: पान जाड, चिवट, तकतकीत आणि दीर्घकाळ झाडावर राहणारे. या तिघांची तुलना केली तरी एका वर्षाचे काम होते.

देवरहाटीतील (देवराईतील) पाने गावच्या मानकऱ्यांना आणि ग्रामस्थांना विचारल्याशिवाय तोडू नयेत. नरक्या आणि सर्पगंधा यांसारख्या दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पती नवशिक्याच्या सरावासाठी नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात. गावातील समितीला आपल्या कामाची कल्पना द्यावी. वनखात्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये, आणि नमुना किंवा वाढवलेली बुरशी परदेशी संस्थेला पाठवायची झाल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते हे ध्यानात ठेवावे.

पाच वेगवेगळी झुडपे निवडून प्रत्येकाची चार पाने घ्यावीत आणि त्यांचे वय ठरलेले असावे. फांदीच्या शेंड्याकडून मोजून, उदाहरणार्थ, पाचव्या पेरावरचीच पाने घेतली तर तुलना करता येते; हाताला येईल ते पान तोडले तर मिळालेला फरक झाडाचा की पानाच्या वयाचा हे कधीच कळत नाही. पाने कागदी पाकिटात ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत कोकणच्या दमट हवेत दोन-तीन तासांतच पाणी सुटते आणि पृष्ठभागावरच्या बुरश्यांना आयती संधी मिळते. पावसात तोडलेली पाने टिपकागदाने हलकेच टिपावीत, पाकिटावर दिनांक, ठिकाण, झाडाचा क्रमांक, पेर आणि गेल्या दोन दिवसांतील पाऊस लिहावा, आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत काम उरकावे.

वाढमाध्यम आणि जागा

बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार हे माध्यम पुरेसे आहे. सोलून चिरलेले २०० ग्रॅम बटाटे पाण्यात शिजवून गाळावेत, त्या पाण्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगार घालून एकूण एक लिटर करावे आणि १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे निर्जंतुक करावे. ऑटोक्लेव्ह नसलेल्या शाळेत चांगल्या स्थितीतला घरगुती प्रेशर कुकरही हे काम करतो. जिवाणूंना रोखण्यासाठी लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घालावे. ते उष्णतेत टिकते, त्यामुळे निर्जंतुक करण्यापूर्वी घातले तरी चालते. स्ट्रेप्टोमायसिन वापरल्यास मात्र माध्यम हाताला सोसेल इतके निवल्यावर घालावे.

पंखा बंद, खिडकी बंद, टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसलेले, आणि अल्कोहोल पूर्ण वाळल्यानंतरच दिवा पेटवलेला, हा क्रम कधीही मोडू नये.

पृष्ठभागावरची वस्ती

सर्वांत सोपी पद्धत पारदर्शक चिकटपट्टीची. पट्टी पानावर हलकेच दाबून उचलावी, काचपट्टीवर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या बुरशी रंगवणाऱ्या द्रावणाच्या थेंबावर ठेवावी आणि ४०० पट मोठे करून पाहावी. कोण कुठे बसले होते हे पानावरच्या मूळ जागेसह दिसते. लॅक्टोफिनॉलमधील फिनॉल त्वचा भाजते, म्हणून हातमोजे हवेतच.

कोण जिवंत आहे हे पाहायचे असेल तर पानाचे एक सेंटिमीटर व्यासाचे दहा तुकडे १०० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात २० मिनिटे हलवावेत आणि त्या पाण्याचा एक मिलिलिटर, तसेच त्याचे दहापट व शंभरपट विरल केलेले पाणी, माध्यमावर पसरावे. या पद्धतीत भरपूर बीजाणू तयार करणाऱ्या बुरश्या उगाचच मोठ्या संख्येने दिसतात. एका क्लॅडोस्पोरियमच्या झुबक्यातून शेकडो ठिपके उगवू शकतात. त्यामुळे ठिपक्यांच्या संख्येवरून ‘ही बुरशी सर्वांत प्रबळ’ असा निष्कर्ष काढू नये.

एक प्रयोग मात्र प्रत्येकाने करावाच. ताज्या पानाचा तुकडा पेट्रोलियम जेलीच्या ठिपक्याने डिशच्या झाकणाला आतून चिकटवावा, म्हणजे तो माध्यमाकडे तोंड करून लोंबत राहील, आणि एका दिवसानंतर तो काढून टाकावा. तीन-चार दिवसांत माध्यमावर गुलाबी ठिपक्यांनी त्या पानाचा आकार उमटू शकतो. स्पोरोबोलोमायसिस नावाचे यीस्ट आपले बीजाणू जोराने फेकते, त्याचे हे चित्र असते. दहावीतल्या मुलांनाही हे दाखवता येते, आणि ‘पान जिवंत गावासारखे आहे’ हे दहा व्याख्यानांनी पटत नाही ते या एका डिशने पटते.

आतली वस्ती, आणि तिचा पुरावा

पाने वाहत्या नळाखाली दहा मिनिटे धुवावीत. मोठे तुकडे करून ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठरलेला वेळ, पुन्हा अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट आणि मग निर्जंतुक पाण्यात तीनदा बुडवावेत. निर्जंतुक टिपकागदावर कोरडे झाल्यावर कडा कापून टाकाव्यात, कारण कापलेल्या कडेतून रसायन आत शिरून तिथल्या बुरशीला मारते, आणि उरलेल्या भागाचे पाच मिलिमीटरचे चौकोन करून प्रत्येक डिशमध्ये पाच ठेवावेत. मध्यशिरेचे आणि पात्याचे तुकडे वेगळे ठेवणे इष्ट. दोन्हींतील वस्ती सारखी असेलच असे नाही.

खरा प्रश्न हायपोक्लोराइटच्या ‘ठरलेल्या वेळेचा’ आहे, आणि तो कोणत्याही पुस्तकातून उचलू नये. अडुळशासारख्या पातळ पानाला सुमारे दोन टक्के उपलब्ध क्लोरीन असलेले द्रावण दोन मिनिटे पुरते, तर उंडीच्या जाड पानाला चार टक्के आणि जास्त वेळ लागू शकतो. बाजारातील द्रावण उघडल्यापासून हळूहळू निकामी होत जाते आणि आपल्या उन्हाळ्यात ते अधिकच लवकर होते, म्हणून दर वेळी ताजी बाटली घ्यावी. मुख्य कामाआधी एक, दोन, तीन आणि पाच मिनिटे अशी चाचणी घ्यावी. निर्गुडीच्या लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि रसायन पोचत नाही. त्यासाठी १०० मिलिलिटर द्रावणात ट्वीन २० या साबणासारख्या द्रव्याचा एक थेंब घालावा.

चाचणीचा निकाल दोन तपासण्यांवर ठरतो. पहिली, शेवटच्या धुण्यातले पाणी माध्यमावर ओतून पाहणे. दुसरी, आणि अधिक कडक, म्हणजे स्वच्छ केलेला तुकडा एका नव्या डिशवर थोडा वेळ दाबून उचलणे आणि उरलेल्या ठशातून काही उगवते का ते पाहणे. ठसा कोरा राहतो आणि तुकड्यातून मात्र बुरशी बाहेर येते, असा सर्वांत कमी वेळ आपल्यासाठी योग्य. ठशातून बुरशी उगवली तर त्या गटातील कोणतीही बुरशी ‘आतली’ म्हणून लिहिता येत नाही, मग ती कितीही आकर्षक असो.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी ही दुसरी तपासणी वेळखाऊ म्हणून टाळली होती. एका पावसाळ्यात अडुळशाच्या जवळपास प्रत्येक तुकड्यातून हिरवी पेनिसिलियम निघाली आणि मी ती अंतर्वासी म्हणून नोंदवून एका परिषदेसाठी गोषवाराही लिहिला. सहज म्हणून ठेवलेल्या धुण्याच्या पाण्याच्या डिशमध्ये आठव्या दिवशी तीच हिरवी बुरशी दिसली. तीन महिन्यांची नोंद रद्द करावी लागली, आणि ती करणे योग्यच होते.

हायपोक्लोराइट आणि अल्कोहोल यांचे टाकाऊ द्रावण एकाच भांड्यात ओतू नये, आणि हायपोक्लोराइटजवळ कोणतेही आम्ल, स्नानगृह साफ करण्याचे द्रावणही, आणू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वाट पाहणे आणि ओळखणे

डिशांच्या कडा पातळ फिल्मने बंद करून २५ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा जागी चार आठवडे ठेवाव्यात. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या खोलीचे तापमान यासाठी बरेच अनुकूल असते. खरा शत्रू माइट्स हे सूक्ष्म किडे आहेत: दमट दिवसांत ते एका डिशमधून दुसरीत जातात आणि पायांबरोबर बीजाणू नेतात. माध्यमावर ठिपक्यांची ओळ वाट तुडवल्यासारखी दिसली की ती डिश ताबडतोब बाहेर काढून निर्जंतुक करावी. दररोज पाहावे, आणि तुकड्याच्या कडेतून तंतू बाहेर येताच टोकाचा बारीक भाग नव्या डिशमध्ये हलवावा. आठवडाभर थांबले तर वेगाने वाढणारी एक बुरशी बाकी सर्वांना झाकून टाकते.

पाच झुडपांच्या २० पानांचे प्रत्येकी पाच तुकडे म्हणजे १०० तुकडे. समजा त्यांपैकी ६२ तुकड्यांतून बुरशी आली, तर वसाहतीचे प्रमाण ६२ टक्के. हाच आकडा प्रत्येक बुरशीसाठी वेगळा काढावा.

ओळखीसाठी बीजाणू लागतात. कोलेटोट्रायकमचे बीजाणू एकपेशी, रंगहीन, दंडगोल असून नारिंगी चिकट गोळ्यांत येतात. पेस्टालोटिऑप्सिसचा बीजाणू पाच पेशींचा, मधल्या तीन तपकिरी, आणि टोकाला दोन-तीन मिशा. तो एकदा पाहिला की विसरत नाही. कर्व्ह्युलारियाचा बीजाणू वाकलेला, कारण त्याची एक पेशी फुगीर असते. नायग्रोस्पोराचा काळाभोर, चकचकीत गोळा. फायलोस्टिक्टा आणि झायलेरिया या आतल्या वस्तीत नेहमी भेटतात, परंतु झायलेरिया डिशमध्ये सहसा ओळखू येईल असे काही देत नाही. पुष्कळ अंतर्वासी बुरश्या मुळी बीजाणूच धरत नाहीत. त्यांना साध्या अगारवर त्याच झाडाच्या निर्जंतुक केलेल्या पानाच्या तुकड्यासह उजेडात ठेवून पाहावे. तरीही जमले नाही तर डीएनएच्या आयटीएस या भागाचा क्रम काढावा लागतो. २०१२ पासून हाच भाग बुरश्यांची अधिकृत ओळखपट्टी मानला जातो. मात्र कोलेटोट्रायकमच्या नेमक्या जातीपर्यंत एकट्या आयटीएसने पोचता येत नाही, म्हणून ‘कोलेटोट्रायकम’ एवढ्या प्रजातीच्या (जीनसच्या) नावावर थांबणे प्रामाणिकपणाचे.

बुरशी वाढलेली डिश उघडून हुंगू नये. दमा असलेल्यांनी मुखपट्टीशिवाय बीजाणूंजवळ जाऊ नये, आणि प्रत्येक डिश निर्जंतुक केल्यानंतरच टाकावी. डिशमधील बुरशी किंवा तिचा अर्क औषध म्हणून कोणीही, कोणत्याही प्रमाणात घेऊ नये. याला जोडून घरच्यांसाठी एक सूचना: पावसाळ्यात तोडलेली औषधी पाने ढीग करून वाळत घालू नयेत. ओल राहिल्यास त्यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस वाढू शकते, तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक आहे, आणि काढा उकळल्याने ते भरवशाने नष्ट होत नाही. कुबट वास आलेली पाने टाकून द्यावीत.

जतन

वीज वारंवार जाणाऱ्या गावात शीतकपाटावर विसंबू नये. शुद्ध बुरशीचे पाच मिलिमीटरचे काही तुकडे निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी भरलेल्या लहान बाटलीत घालून घट्ट झाकण लावावे. इटालियन डॉक्टर आल्डो कास्टेलानी यांनी १९३९ मध्ये सांगितलेली ही पद्धत साध्या खोलीतही अनेक बुरश्या महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षे, जिवंत ठेवते. प्रत्येकीच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. महत्त्वाची वाटणारी बुरशी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहाकडे द्यावी, आणि त्याच झाडाची दाबून वाळवलेली फांदी, फुलांसह, त्याच क्रमांकाने जपून ठेवावी. बाटलीवर पेन्सिलीने लिहावे. शाई आपल्या हवेत एका पावसाळ्यात पसरते.